सात नंबरची पिशवी

रोझिने हागबद्दल आमच्या गावात कुणी कधी बरा शब्द काढला नाही, आणि वाईट शब्द काढणाऱ्यांत माझा नंबर पहिला. हे मी आपण होऊन सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की झेन्झीनं स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. गेल्या नाताळाच्या आधी ती गेली. मयताला आम्ही मोजून सहा जणी, आणि तिच्या पंथाच्या पाद्र्याला परतीची बोट पकडायची घाई. तिच्याबद्दल कुणी चार शब्द बोललं नाही. म्हणून म्हटलं, आपण बोलावं. मला बोलायला आग्रह लागत नाही. माझा नवरा फिडेल म्हणतो, हिला पुरताना तोंड वेगळं पुरावं लागेल.

रोझिने आमच्याकडे आली १९११च्या ऑक्टोबरात, वरच्या पठारावरून. लूथरपंथी. आमचं तळ्याकाठचं गाव अस्सल कॅथलिक, इथं शुक्रवारी कुत्रंसुद्धा मटणाला तोंड लावत नाही. आणि ही काळ्या कपड्यातली, ओठ घट्ट मिटलेली. नाच नाही, पत्ते नाहीत, सफरचंदाच्या दारूचा घोटसुद्धा नाही. विधवा आहे म्हणायची. नवऱ्याबद्दल विचारलं तर एकच शब्द, "गेला." आता मेलेल्या माणसाबद्दल बाई दोन वाक्यं तरी बोलते की नाही? बरा होता म्हणेल, दारुडा होता म्हणेल. नुसतं "गेला"? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

कारखाना आमचा हवाई जहाजांचा. तळ्याच्या वरच्या अंगाला जो मोठा कारखाना आहे, ज्याचं नाव सगळ्या जगाला ठाऊक, तो नव्हे. आमचा लांगेनबाख मंडळींचा, दोन कोस अलीकडचा, आणि तेव्हा त्यात पहिलंच जहाज तयार होत होतं. देवळाच्या मनोऱ्याला आडवं निजवलं तर त्याच्या तिप्पट लांब. बाहेरून नुसता सांगाडा आणि कापड, पण त्याला वर नेणारा गॅस आत अठरा पिशव्यांत भरलेला असायचा. या पिशव्या करायचं काम आम्हा बायकांचं.

पिशव्या कशाच्या? बैलाच्या आतड्याच्या. हसू नका. आतड्याच्या एका भागावर कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ कातडं असतं. एका बैलामागे एकच तुकडा मिळतो, वीतभर रुंद आणि दोन हात लांब. खाटीकखान्यांतून ते मिठात घालून पिंपांनी यायचे. धुवायचे, खरवडायचे, ताणायचे आणि ओले असतानाच सुती कापडावर एकाशेजारी एक चिकटवायचे, थरावर थर. गॅस अडवावा तर त्यानंच. एका पिशवीला पन्नास हजार बैल लागायचे. गावातली पोरं आम्हाला आतडीवाल्या म्हणायची, आणि वास इतका अंगात मुरायचा की देवळात आमच्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही.

त्या दालनात शिरताना अंगठी काढायची, केसातल्या पिना काढायच्या, नखं दाखवायची. सुईला तर सक्त बंदी. मुकादम होता रापमास्तर, सरळ मनाचा पण कानाचा हलका. तो दारात उभा राहून एकेकीचे हात बघायचा.

मी तिथं सुरुवातीपासूनची. मला वाटलं होतं, पिशव्या तपासायचं काम मिळेल तर मलाच मिळेल. मिळालं रोझिनेला. कानामागून आली आणि तिखट झाली! तयार पिशवी साध्या हवेनं फुगवायची, मग ही बाई लोकरीचे मोजे घालून तिच्या तोंडातून आत शिरायची. आत अंधुक. जिथं भोक असेल तिथून बाहेरचा उजेड टिपक्यासारखा दिसतो. ती तासन् तास आत फिरायची, खडूनं खुणा करायची आणि बाहेर येऊन सांगायची, "नऊ." मग नऊ ठिगळं लावायची. तिचे डोळे असे की रापमास्तर म्हणायचा, हिला हवा गळतानासुद्धा दिसते. मी म्हणायची, आत एकटी बसून ही काय करते ते कुणी बघितलंय?

त्याच हिवाळ्यात फिडेलनं माझ्या डोक्याला ताप केला. चांगला सूतगिरणीत इंजिनवर होता. जमिनीवर. एक दिवस घरी आला, मसूर आणि शेवया ताटात घेतल्या आणि म्हणाला, "झेन्झी, मला जहाजावर घेतलं. मागच्या इंजिनवर."

"कुणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग! जमिनीवरची इंजिनं संपली का? चार वर्षांपूर्वी एक जहाज नुसतं उभं असताना जळून कोळसा झालं, ठाऊक आहे ना? त्या गॅसला ठिणगी पुरते!"

"ते वादळानं झालं."

"आणि आपल्याकडं काय फुलं पडतात आकाशातून? मर मेल्या, जाऊन जळून मर! मी सुटेन तरी!"

माझं बोलणं असंच. आई अशीच बोलायची, आजी अशीच बोलायची. फिडेलनं शेवया संपवल्या, आणखी घेतल्या. पण मला झोप कुठली? मागच्या इंजिनाच्या बरोब्बर डोक्यावर सात नंबरची पिशवी येणार होती, आणि ती आमच्याच टेबलावर होती.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला आमच्याकडं संत आगाथेचा सण. त्या दिवशी देवळात पाव मंत्रून आणतात. आगाथा आगीपासून राखते, म्हणून त्या पावाचा तुकडा घराच्या तुळईत खोचायचा, एक गोठ्यात, आणि उरलेला वर्षभर फडक्यात बांधून फळीवर ठेवायचा. वीज कडाडली की एक चिमूट चुलीत टाकायची. तो पाव कधी नासत नाही. मंत्रलेला ना तो! मी मागच्या वर्षीचा उरलेला तुकडा घेतला, चुरा केला आणि कामावर जाताना चोळीत लपवला. सात नंबरच्या शिवणीत, जिथं दोन पदर एकमेकांवर येतात, तिथं तो चिमटीचिमटीनं भरला आणि वरून पट्टी चिकटवली. आमच्या फादरनी मंत्रलेले मिठाचे चार खडे हाताशी होते, तेही घातले. 'आमचे पिता' ही प्रार्थना एकदा म्हणून टाकली. कुणी बघितलं नाही असं मला वाटलं. मान वर केली तर रोझिने समोरच्या टेबलाशी उभी, माझ्या हातांकडं बघत. मी बघितल्यावर तिनं नजर वळवली.

मे महिन्यात जहाज उडालं. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि मी कारखान्याच्या कुंपणाशी उभी राहून फिडेलच्या नावानं शंख करत होते, कारण मेला डबा विसरून गेला होता. उतरला तसा त्याच्या अंगावर डबा फेकला. "उपाशी मर! नाहीतर पड त्या तळ्यात एकदाचा, माशांचं तरी पोट भरेल!" हे माझं रोजचंच, म्हणून लोक हसले. रोझिने हसली नाही.

जूनमध्ये भानगड सुरू झाली. सात नंबरची पिशवी गॅस धरीना. भरावी आणि दुसऱ्या दिवशी ढिली पडावी. जहाज मागून जड व्हायचं. काढून आणली, हवेनं फुगवली, रोझिने आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "अकरा." ठिगळं लावली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. "एकोणीस." जुलैत तिसऱ्यांदा, "सव्वीस." आणि सगळी भोकं गोल, बारीक, सुईनं पाडावी तशी. बाकी सतरा पिशव्या ठणठणीत.

रापमास्तरानं आम्हाला ओळीनं उभं केलं. "हे आपोआप होत नाही. कुणाच्या तरी हातात सुई आहे. जिच्या असेल तिनं समजून असावं, जहाजात नऊ माणसं असतात."

झालं! त्या दिवसापासून कुणाचा कुणावर विश्वास राहिला नाही. आम्ही एकमेकींच्या एप्रनच्या खिशांकडं बघायला लागलो. एकटी मोरीकडं गेली तर दुसरी मागून जायची. गावात फ्रेंच हेरांच्या गोष्टी सुरू झाल्या. माझ्या शेजारी बसणारी ओटिली, जिच्या पोटात एक गोष्ट राहत नाही, ती माझ्या कानाशी लागली. "झेन्झी, त्या काळे कपडेवालीला पलीकडून पत्रं येतात गं. तळ्यापलीकडून. स्विस तिकिटं."

"तुला कसं ठाऊक?"

"माझा दीर टपालात नाही का? आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कोण येतं? तीच. सात नंबर टांगलेली असते तिथं जाऊन उभी राहते."

"कुठंतरी पाणी मुरतंय," मी म्हटलं.

खरं तर मला आधीच पटलेलं होतं. तिचा माझ्यावरच डोळा होता हे मला कळत होतं, फक्त का ते कळत नव्हतं. पंपाशी हात धुताना एकदा ती हळूच जवळ आली आणि म्हणाली, "तुझा नवरा उद्याही वर जाणार का?"

"का? तुला काय करायचंय?"

"सहज."

सहज! त्या बाईनं आयुष्यात सहज काही केलं नव्हतं. आठवड्यानं पुन्हा, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या शेजारी येऊन बसली. आपली भाकरी तिनं मांडीवरच ठेवली. म्हणाली, "झेन्झी, घरी तुझं बरं आहे ना?"

"माझ्या घरात तुझं नाक कशाला?" मी खेकसले. "आपलं बघ."

ती उठून गेली. मी ओटिलीला म्हटलं, बघितलंस? फिडेलची चौकशी चाललीय. तो कधी वर जातो, कधी नाही. ज्या पिशवीखाली माझा नवरा, तीच पिशवी गळते, आणि ही विचारते उद्या जाणार का!  हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. फिडेल बावळट असेल, विसरभोळा असेल, पण तो माझा होता आणि मला तो जिवंत हवा होता.

एकतीस जुलैला, बुधवारी, जहाजाची मोठी फेरी ठरली. सरकारी अधिकारी बघायला येणार होते. जहाज पसंत पडलं तर पुढची तीन बांधायला मिळणार, नाहीतर कारखान्याला कुलूप. सोमवारी सकाळी रोझिनेनं पुन्हा सात नंबर तपासली आणि रापमास्तराला म्हणाली, "मी हिला होकार देत नाही. ठिगळं लावलीत, पण आणखी भोकं पडतील. शिवण उघडा आणि पट्टी बदला."

"बुधवारी फेरी आहे, बाई! पट्टी बदलायला चार दिवस लागतात. आणि पडतील म्हणजे काय? तुला कसं ठाऊक पडतील ते?"

तिनं हातातला खडू खिशात टाकला. मान खाली.

मला राहवलं नाही. मी टेबलावरून उठलेच. "मास्तर, तिला ठाऊक असणारच! पाडणारीला ठाऊक नसेल तर कुणाला? तिच्या एप्रनचा खिसा बघा. मी दोनदा पाहिलंय, सात नंबरच्या शिवणीशी उभी राहून ही खिशातून काहीतरी काढते."

 रापमास्तर लाल झाला, पांढरा झाला. मग ओटिलीला म्हणाला, "बघ."

ओटिलीनं खिशात हात घातला. रुमाल निघाला, खडू निघाला आणि एका बुचात खोचलेली रफू करायची सुई निघाली.

"ही कशाला?" रापमास्तरानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

रोझिनेनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, तिला राग आला असता तर मला परवडलं असतं. वाट बघितल्यासारखं. जणू मी काही बोलेन. मी कशाला बोलते? मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी.

"सांगण्यासारखं काही नाही," ती म्हणाली.

"मग चालू लाग. संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर. गाव सोडायच्या आधी पोलीस तुला बोलावतील, तेव्हा तिथं सांग."

ती मोजे काढून बूट घालायला बसली. नाड्या बांधून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आत दुसरं कुणीतरी घाला. डोळे चांगले असतील असं."

आत कोण गेलं? ओटिली. तिला हातभरावरची म्हैस दिसत नाही. अर्ध्या तासात बाहेर आली आणि म्हणाली, "एकही नाही!" सगळ्यांना बरं वाटलं. मला सगळ्यांत जास्त. दुपारी पिशवी जहाजात चढवली.

मंगळवारी मला सुट्टी होती. असा उकाडा की तळं शिळ्या सुपासारखं पडलेलं. दुपारी तिनाच्या सुमाराला पलीकडच्या डोंगरावर ढग दाटले आणि वीज कडाडली. मी नेमानं उठले, फळीवरचं आगाथेच्या पावाचं फडकं काढलं. यंदाचा पाव आणि मागच्या वर्षीचा उरलेला कोपरा एकत्रच बांधलेले. गाठ सोडली, आणि हातात पाव नाही, भुसा! त्या भुशातून तांबूस, तिळाएवढे टोके तुरूतुरू पळायला लागले. माझ्या मनगटावर चढले. मंत्रलेला पाव, आणि त्यात किडे! मला आधी शरमच वाटली, की आपल्या घरात असं काय पाप झालं. मग मी फडकं झटकायला खिडकीशी नेलं आणि उजेडासमोर धरलं.

फडक्याला भोकं होती. गोल, बारीक, सुईनं पाडावी तशी. चांगल्या जाड कापडाची चार घड्यांची घडी, आणि टोके तिच्यातून आरपार गेले होते.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.  पाचावर धारण बसली माझी. मागच्या वर्षीच्याच पावाचा चुरा मी माझ्या हातांनी सात नंबरच्या शिवणीत भरला होता. त्या दालनातली ऊब, वर बैलाचं कातडं, सरस. टोक्यांना याहून चांगलं जेवण कोण वाढणार? उद्या सकाळी आठ वाजता फिडेल त्या पिशवीखाली उभा राहणार होता, आणि भोकं शोधू शकणारी एकुलती एक बाई मी हाकलून दिली होती.

रापमास्तराकडं जावं तर तो म्हणणार, ओटिलीनं एकही नाही सांगितलंय. दाखवायचं कुणी? मी डोक्याला रुमाल न बांधताच पावसात पळाले. रोझिने पिंपवाल्या सुताराच्या माडीवर राहायची. पोलीस येऊन बघून गेला होता, उद्या पुन्हा येणार होता. ती वेताची पेटी भरून, तिच्यावर हात ठेवून बसली होती.

"रोझिने," मी म्हटलं, धाप लागलेली, "मीच ती. मी पाव घातला. शिवणीत. पावात किडे होते."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

ते माझ्या कानांत शिरलं, डोक्यात शिरलं नाही. "चल! उद्या जहाज जाणार आहे. ओटिलीनं तपासलीय. फिडेल..." आणि मी रडायला लागले. तिच्यासमोर, त्या लूथरवालीसमोर, भोकाड पसरून. "त्याला काही झालं तर मी काय करू? मी त्याच्याशिवाय कशी जगू गं?"

तिचा चेहरा विचित्र झाला. कोडं उलटं धरलं होतं असं आत्ता कळावं, तसा. मग ती उठली, पेटी उघडली आणि वर ठेवलेले लोकरीचे मोजे काढले.

रापमास्तरासमोर मी सगळं सांगितलं. फडकं दाखवलं, दोन टोके रुमालात बांधून नेले होते तेही दाखवले. त्याला आधी हसू आलं, मग तो एवढा ओरडला की माझ्या जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणी आवाजानं मात केली. तोवर पाऊस ओसरला होता. संध्याकाळचा उजेड दोन तास होता. सात नंबर उतरवली, फुगवली, रोझिने आत गेली. आम्ही बाहेर उभे. खडूचा आवाज कातड्यावर कुर्र कुर्र असा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. फिडेलही आला होता. मी त्याचा हात धरला तेव्हा तो दचकला.

ती बाहेर आली. "त्रेसष्ट," म्हणाली.

बुधवारची फेरी पुढल्या सोमवारी झाली. अधिकाऱ्यांना वारा सोसाट्याचा आहे असं सांगितलं. शिवण उघडली तेव्हा आत पावाचा कण नव्हता, नुसता भुसा आणि वळवळ. सुई कशाला होती तेही कळलं. पिशवी दालनात असली की रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती पट्टीच्या कडेतून एकेक अळी सुईनं टोकरून काढायची. स्विस पत्रं तिच्या बहिणीची होती, सँक्ट गालेनमध्ये भरतकाम करणाऱ्या. जहाज सोमवारी पाच तास उडालं, तळ्यावरून, डोंगरापर्यंत आणि परत. सात नंबर तसूभर ढिली पडली नाही.

मला दालनातून काढून पिंपं धुवायला घातलं. वाजवीच होतं. रोझिनेला परत घेतलं, पण गाव ते गावच. सुई सापडली होती एवढं लोकांनी लक्षात ठेवलं, टोके विसरले. पुढं तिनं अकरा वर्षं काम केलं, शेवटी डोळे गेले तरी बोटांनी चाचपून भोकं सांगायची, आणि तरीही नवी पोरगी कामाला आली की तिला कुणीतरी हळूच सांगायचंच, हिच्यापासून जपून राहा. मी ऐकलं की त्या सांगणारीची खेटरानं पूजा करायची. पण मीच पेरलेलं होतं ते. किती उपटणार?

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती त्या सोमवारची, फेरी झाल्यानंतरची. मी पंपाशी पिंपं घासत होते. मीठ हातांना चावत होतं. रोझिने आली आणि न विचारता पंप हाणायला लागली.

मी म्हटलं, "तू त्या दिवशी म्हणालीस, मला ठाऊक आहे. कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. पाव घालताना बघितलं होतं मी. मग किडे दिसले तेव्हा कळलं, कशाला घातलास ते."

"आणि तू बोलली नाहीस? तुझी झडती झाली, पोलीस आला, आणि तू माझं नाव घेतलं नाहीस? अगं, माझ्या मूर्खपणासाठी तू तुरुंगात गेली असतीस!"

"मूर्खपणा आहे असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली. पंप तसाच चालू. "आमच्याकडं पाव मंत्रत नाहीत. मला वाटलं, किडका पाव तू मुद्दाम घातलास. त्याच्याच डोक्यावरच्या पिशवीत. तू रोज कुंपणाशी उभी राहून त्याला म्हणायचीस, मर. पड. मी सुटेन. मी ऐकायची ना."

माझ्या हातातला कुंचा पिंपात पडला.

"माझा नवरा नऊ वर्षं होता," ती म्हणाली. "माझी ही बाजूची तीन हाडं त्यानं मोडलेली आहेत. मी रोज देवाजवळ तेच मागायची, हा पडो. विहिरीत पडो, गाडीखाली पडो. तोंडानं बोलायची छाती नव्हती माझी. मग तुला बघितलं. म्हटलं, ही बोलते, आणि करतेही. हिचं नाव माझ्या तोंडून जायचं नाही. पण जहाजात आणखी आठ जण होते, म्हणून भोकं बुजवत राहिले."

मला बोलता येईना. मला! कसंबसं म्हटलं, "अगं रोझिने, फिडेलनं आजवर माझ्यावर हात उगारलेला नाही. त्याला माशीसुद्धा मारवत नाही. उघड्या खिडकीतून बाहेर घालवतो तिला."

तिचा हात पंपावर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, त्या भोकं शोधणाऱ्या डोळ्यांनी, आणि अगदी खरोखरीचा प्रश्न विचारावा तसा विचारलं,

"मग तू त्याला रोज मर का म्हणतेस?"